दरवाजातला पखवाज

आबांचा पखवाज मला गाडीत अर्धाच ऐकू यायचा. उजवी बाजू, शाईची, पूर्ण येत होती. थाप, चाट, बोटांची बारीक कामं, सोबत बोल म्हणता येतील इतकी स्पष्ट. डावी बाजू, जिला आबा वाजवण्याआधी कणीक लावायचे, ती मात्र येतच नव्हती. ‘धा’ पडला की मला ‘ता’ ऐकू यायचा. ज्यांनी भजनात बसून पखवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको, घुमारा गेला की मागे काय उरतं.

हे रेकॉर्डिंग २०१६ च्या कार्तिकातलं, आमच्या गावच्या देवळातल्या काकड्याचं. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. भावकीतल्या एका पोराने पहाटे हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर आबांच्या पुढ्यात चार-पाच फुटांवर ठेवला होता. पुढे आबांच्या खांद्याचं दुखणं वाढलं आणि वाजवणं थांबलं. त्यांच्या हातचं आमच्याकडे जे काही जपलेलं आहे ते एवढंच, चाळीस मिनिटं. घरी हेडफोनवर लावलं की डाव्या हाताची थाप पोटात उतरते. पुण्याहून गावी जाताना गाडीत तीच फाईल लावली की वाटायचं, आबा एकाच हाताने वाजवतायत.

एवढ्यासाठी मी गाडीच्या साउंड सिस्टिमच्या मागे लागलो. मला त्यातलं काहीही येत नव्हतं. घरातला प्लग बदलण्यापलीकडे कधी वायरीला हात लावला नव्हता.

गाडी २०१९ ची, मधल्या व्हेरियंटची हॅचबॅक. चार दरवाजांत चार स्पीकर आणि डॅशबोर्डवर टचस्क्रीन, सगळं कंपनीचंच. २०२२ च्या मे महिन्यात मी शहरातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, स्पीकर बदलायचेत, खालचा आवाज येत नाही. त्यांनी एक खोका पुढे केला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘३५० वॉट’ लिहिलं होतं. जोडीचे ३,२०० आणि बसवण्याचे ७००. पाऊण तासात पुढचे दोन्ही बसवून मिळाले. आवाज खरंच मोठा झाला. पण तो मोठा झाला तो वरच्या अंगाने. टाळ कानात टोचायला लागले, आबांची चाट पत्र्यावर बोटं आपटल्यासारखी यायला लागली आणि घुमारा होता त्याच्याहूनही कमी झाला. मी समजूत घातली की नवीन स्पीकर मोकळे व्हायला वेळ लागत असेल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि डाव्या बाजूला पायाखालचं मॅट ओलं दिसायला लागलं. दोनदा वाळवलं, दोनदा परत भिजलं. कार्पेटला कुबट वास बसला. या ओलीचा आणि स्पीकरचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो पावसाळा मी वाचण्यात घालवला आणि पहिली गोष्ट कळली ती खोक्यावरच्या आकड्याची. ३५० वॉट हा क्षणभर सोसता येणाऱ्या ताकदीचा आकडा असतो आणि तोही कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते. सतत किती ताकद चालेल ते ‘आरएमएस’ या आकड्यावरून बघायचं. माझ्या ३५० वॉटच्या स्पीकरचा तो आकडा खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत होता, ४५. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पीकर ताकद तयार करत नाही, तो फक्त सोसतो. ताकद येते डॅशबोर्डमधल्या युनिटकडून, म्हणजे त्या टचस्क्रीनकडून. गाडी चालू असताना विजेचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसेल तर तेवढ्या दाबावर चार ओहम रोधाच्या स्पीकरला शुद्ध आवाजात कागदावरसुद्धा साधारण २६ वॉटच मिळू शकतात. प्रत्यक्षात पंधरा ते वीस. म्हणजे युनिटवर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी दरवाजापर्यंत पोहोचतात ते वीस. हे गणित मी वहीत तीनदा मांडून पाहिलं, कारण त्यावर विश्वास बसायला वेळ लागला.

साताऱ्याला माझा मावसभाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मी त्याला फोनवर म्हणालो की अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल असं दिसतंय. तो म्हणाला, “दादा, आधी दरवाजा उघड. आत काय करून ठेवलंय ते बघितल्याशिवाय रुपयाची खरेदी करू नको.” या सगळ्या खटाटोपात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तो हाच.

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दरवाजा उघडायला बसलो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार दहाच्या पान्याने सोडवली आणि दहा मिनिटं थांबलो. भावाने बजावलं होतं की कुठेही पिवळा कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, दिसला तर त्याला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा असतो. हँडलच्या वाटीत नखाएवढं प्लास्टिकचं झाकण असतं, त्याखाली पहिला स्क्रू. दुसरा आतून दार उघडायच्या खटक्यामागे. ते काढल्यावर आख्खी ट्रिम, म्हणजे दरवाजाचं आतलं प्लास्टिकचं आवरण, फक्त क्लिपांवर उभी राहते. तिच्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी मिळते. ती खालच्या कोपऱ्यात सरकवायची आणि क्लिप जिथे आहे तिथेच उचकटायचं, मध्ये नाही. पहिली क्लिप सुटताना असा आवाज झाला की मला वाटलं दरवाजाच मोडला. नऊ क्लिपांपैकी दोन तुटल्या. पुण्यात नाना पेठेत तेव्हा दहा-दहा रुपयांना मिळत होत्या, पण त्या दिवशी माझ्याकडे एकही जादा नव्हती. जो कोणी हे करायला घेईल त्याने आधीच डझनभर क्लिपा आणून ठेवाव्यात. सगळ्या सुटल्या की ट्रिम वरच्या दिशेने उचलायची आणि काचेच्या बटणाचा कप्लर सोडवायचा, ओढायची नाही.

आत जे दिसलं ते मी विसरणार नाही.

दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर कंपनी एक प्लास्टिकचा पडदा चिकटवते. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दरवाजात उतरतंच, तशी ती रचनाच आहे. ते पाणी दरवाजाच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर जातं आणि पडदा त्याला गाडीच्या आत येऊ देत नाही. माझ्या दरवाजातला पडदा स्पीकरच्या भोवती ब्लेडने उभा-आडवा फाडला होता आणि फाटके तुकडे तसेच लोंबत होते. खालच्या कडेचा काळा डिंक सुटून त्याचे धागे झाले होते. चार महिने मी मॅट वाळवत होतो, त्याचं कारण हे. स्पीकरच्या वायरीला कंपनीचा कप्लर असतो. योग्य अ‍ॅडॉप्टर आणला तर एकही वायर न कापता स्पीकर जोडता येतो. तो कप्लर कापून टाकला होता, वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती आणि उन्हाळ्याने ती टेप चिकट होऊन घरंगळली होती. गाडी वॉरंटीत असती तर एवढ्या कापाकापीवरून इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर पाणी पडलं असतं. पाऊण तासात बसवून दिले याचं मला मे महिन्यात कौतुक वाटलं होतं.

फोटो काढून भावाला पाठवले. त्याचा लगेच फोन. “रिमोटमधला एक सेल काढ. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, मायनस मायनसला. क्षणभरच लाव आणि कोन कुठे जातो बघ.” दीड व्होल्टचा साधा सेल. जोडणी बरोबर असेल तर स्पीकरचा कोन बाहेर येतो. मी युनिटकडच्या वायरींचे रंग दोन्ही बाजूंना जुळवले आणि त्या वायरींनाच सेल लावून पाहिला. उजव्या दरवाजातला कोन टुणकन बाहेर आला. डाव्या दरवाजातला आत गेला. मी परत लावला. परत आत.

डावा स्पीकर उलटा जोडला होता. म्हणजे पखवाजाची थाप पडली की उजवा हवा पुढे ढकलत होता आणि त्याच क्षणी डावा ती मागे ओढत होता. वरच्या आवाजांच्या लहरी आखूड असतात, त्यांचं एवढं बिघडत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर मात्र जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, गाडीच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट. इतक्या लांब लहरी गाडीत समोरासमोर भिडल्या की एकमेकींना पुसून टाकतात. आबांचा डावा हात गाडीत येत होता, मधोमध पोहोचेपर्यंत मरत होता.

दोन वायरी अदलाबदल करून लावल्या, बॅटरी जोडली, ट्रिम न बसवताच फाईल सुरू केली. घुमारा आला. पूर्ण नाही, पण आला. मी पार्किंगच्या फरशीवर, हाताला तो काळा डिंक लागलेला, तसाच बसून राहिलो. एका रुपयाचाही खर्च न करता एवढा फरक पडला होता. कुणाच्या गाडीत स्पीकर बदलल्यावर खालचा आवाज गेला असेल तर त्याने सगळ्यात आधी हा सेल लावून बघावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सेल नको असेल तर बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐकावं, मग पूर्ण उजवीकडे, मग मधोमध. एकेकट्या बाजूपेक्षा मधोमध खालचा आवाज कमी वाटला तर एक स्पीकर उलटा आहे.

त्यानंतर मी दरवाजाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो. पखवाजाला खैराचं किंवा शिसवीचं खोड असतं. गाडीच्या स्पीकरला डबा कोणता, तर हा दरवाजा. आणि त्या डब्याच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं. कोन पुढे गेला की मागे उलटी लहर तयार होते, ती त्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लहरीला भेटते आणि पुन्हा तीच गत. वर बाहेरचा पत्रा इतका पातळ की बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो. फुटक्या खोडाच्या पखवाजाला कितीही चांगली चामड्याची पुडी चढवली तरी तो बोलणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते गाडीला लागू करायला मला सहा महिने लागले.

म्हणून खर्चाची सुरुवात दरवाजापासून केली. डॅम्पिंग शीट म्हणजे एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर, दोन मिलिमीटर जाडीची. बाजारात डांबराच्याही शीट मिळतात, निम्म्या किमतीत. गच्चीच्या गळतीला लावायच्या पट्ट्याही काही जण वापरतात. दोन्ही घेऊ नयेत. मे महिन्यात बंद गाडीत डांबर मऊ होतं, वास सुटतो आणि पट्टी घसरून काचेच्या यंत्रणेत पडू शकते. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतला, तेलकटपणा राहिला तर शीट धरत नाही. थंडीचे दिवस असल्यामुळे बायकोचा हेअर ड्रायर आणून शीट कोमट करत लावली. मग छोटा रोलर घेऊन वरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायची. हे काम अंगठ्याने होत नाही.

बाहेरचा पत्रा आतून पूर्ण झाकायची गरज नसते, निम्मा झाकला तरी त्याची टणटण थांबते. आतल्या पत्र्याची भोकं मात्र सगळी बंद करायची. मोठ्या भोकांवर नुसती शीट लावली तर ती लोंबते, म्हणून मी आधी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून लावला आणि त्यावर शीट. काचेच्या मोटरपाशी मात्र सुटा तुकडा ठेवला, उद्या मोटर बदलायची वेळ आली तर सगळं खरवडत बसायला नको. लॉकच्या सळ्या मोकळ्या हलतायत का ते प्रत्येक तुकड्यानंतर बघत होतो. तळाची पाणी जायची भोकं उघडी ठेवली, ती बुजवली तर दरवाजा आतून गंजतो. दोन दरवाजांना दोन रविवार गेले. दुसऱ्या संध्याकाळी दार लावलं आणि बायको म्हणाली, “हे दार मोठ्या गाडीसारखं वाजतंय.” खरंच, ‘खण्ण’ जाऊन ‘धप्प’ आलं होतं. पाऊस आत यायचा रस्ताही त्याच शीटने बंद झाला. पुढच्या पावसाळ्यात मॅट कोरडं राहिलं.

स्पीकर तेच होते, त्याच ३,२०० रुपयांचे. पण घुमारा आता पाऊण आला होता. माझं स्पष्ट मत आहे: ज्याच्याकडे पाच हजार रुपयेच आहेत त्याने ते दरवाजावर घालवावेत आणि कंपनीचेच स्पीकर ठेवावेत. दुकानदार हे सांगणार नाही, कारण शीट लावायला दिवस जातो आणि खोका विकायला पाच मिनिटं लागतात.

पुढचा टप्पा स्पीकरचा. यावेळी कंपोनंट घेतले. यात खालचा-मधला आवाज देणारा साडेसहा इंची स्पीकर दरवाजात बसतो, वरचा आवाज देणारा छोटा ट्वीटर वेगळा असतो आणि मध्ये आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या पोटातच असतो, त्यामुळे टाळ पायातून वाजतात. ट्वीटर मी आरशामागच्या तिकोनी पट्टीत बसवले आणि टाळ समोर, काचेच्या उंचीला आले. निवडताना दोन आकडे बघितले. एक आरएमएस, ६०. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो तो, ९० डेसिबल. हा दुसरा आकडा लोक बघत नाहीत, पण तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत. जोडी ७,२०० ला पडली.

नव्या स्पीकरचं मॅग्नेट जाड होतं आणि काच त्याच्या मागूनच खाली उतरते. स्पीकर पुढे घ्यायला मध्ये एक कडं लागतं. बहुतेक जण एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं कडं वापरतात. आपल्याकडच्या पावसात एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. मी सुताराकडून डब्ल्यूपीसी म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र बोर्डाचं, अठरा मिलिमीटरचं कडं कापून घेतलं. आता ते पुरेल का हे कसं बघायचं, कारण काच मागे आणि डोळा पुढे. मी घरात जाऊन चपात्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा घेऊन आलो. मॅग्नेटच्या पाठीवर चिकटवला, कड्यावर स्पीकर धरून दोन स्क्रू लावले आणि काच सावकाश पूर्ण खाली घेतली, परत वर घेतली. स्पीकर काढून पाहिलं तर गोळ्यावर काचेच्या कडेची सरळ खूण उमटली होती. खुणेपाशी कणकेची जाडी मोजली. सहा मिलिमीटर. तेवढी जागा पुरेशी. आबा पखवाजाला कणीक लावताना बोटाने मध्ये दाबून बघायचे, तसाच तो दाब होता. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी आला आणि तेव्हा मी गाडी घेऊन साताऱ्याला भावाकडे गेलो. बॅटरीशी संबंध असलेलं काम पहिल्यांदाच एकट्याने करू नये असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आठ गेज जाडीची वायर घेऊन गेलो होतो. भावाने हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, “हलकी आहे.” ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांब्याचा मुलामा निघाला आणि आतून पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं. अशा वायरीतून वीज कमी जाते आणि ती जास्त तापते. त्याने स्वतःकडची शुद्ध तांब्याची काढली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपियरचा फ्यूज लावला. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. अपघातात किंवा घासून ती वायर पत्र्याला टेकली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडाला पाहिजे, म्हणून तो बॅटरीजवळ हवा. सीटखाली लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर. इंजिनकडून आत यायला कंपनीचंच रबरी ग्रोमेट होतं, त्यातून वायर ओढली. विजेची वायर उजव्या कडेने, आवाजाच्या वायरी डाव्या कडेने.

कंपनीचं टचस्क्रीन मी बदललं नाही. अ‍ॅम्प्लिफायर असा घेतला की जो स्पीकरच्या वायरींमधूनच आवाज उचलतो आणि युनिट सुरू झालं की आपोआप सुरू होतो. चार चॅनेलचा, प्रत्येकी ५० वॉट, चालकाच्या शेजारच्या सीटखाली. दोनच चॅनेल वापरले. मागचे स्पीकर युनिटवरच ठेवले, हलक्या आवाजात.

सुरू केला आणि गाडीभर एक बारीक किंकाळी. रेस दिली की वर चढायची, सोडली की उतरायची. मी घाबरलो. भाऊ शांतपणे म्हणाला, “अर्थ.” मी स्वतः लावलेलं ते एकच जोडकाम होतं: अ‍ॅम्प्लिफायरची निगेटिव्ह वायर सीटच्या बोल्टला. त्या बोल्टखाली रंगाचा थर होता. त्याने शेजारी पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं कडं, दाबून बोल्ट आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस फिरवलं. किंकाळी गेली. अल्टरनेटरची खरखर वायरीतून आवाजात शिरायला एवढंसं निमित्त पुरतं.

गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण, असा माझा समज होता. तसं नसतं. युनिटमधून येणारा आवाज आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद यांची गाठ घालून देणारं ते बटण आहे. जास्त फिरवलं तर लहरींची टोकं कापली जातात आणि ट्वीटर जळतात. हिशेब सोपा आहे. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. स्पीकरच्या वायरी सोडवल्या, टोन सपाट, युनिटचा आवाज तीन चतुर्थांश, पेन ड्राइव्हवरून एकसुरी टेस्ट टोन लावला, मल्टीमीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी धरला आणि १४ व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवलं. मग वायरी परत जोडल्या आणि साठ हर्ट्झच्या खालचं दरवाजातल्या स्पीकरला पाठवायचंच नाही अशी सोय केली. जे त्याला झेपणार नाही ते मागायचं थांबवलं की जे झेपतं ते तो मोकळेपणाने देतो.

सबवूफर, म्हणजे अगदी खालच्या आवाजासाठीचा वेगळा मोठा स्पीकर, मी घेतला नाही. गावाहून येताना डिकीत ज्वारीची नाहीतर गव्हाची पोती असतात, आणि मला जे ऐकायचं होतं ते आता दरवाजातून येत होतं. रिकामे दोन चॅनेल आहेत, पुढे कधी वाटलं तर बघू. शीट, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, कडी असं सगळं मिळून २२,००० च्या आसपास झाले. पहिल्या दुकानात गेलेले ३,९०० वेगळे.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ आणि त्याचा आवाज आधी कानात येतो. एक मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर जातो. माझ्या दोन स्पीकरच्या अंतरातला फरक त्याच्या दुपटीइतका आहे. जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवायची सोय कंपनीच्या युनिटमध्ये नाही. बॅलन्स दोन घरं डावीकडे सरकवून काम भागवतोय.

मार्च २०२३ मध्ये आबांना डोळे दाखवायला कोरेगावहून साताऱ्याला घेऊन निघालो. ते पुढे बसले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. गाव मागे पडल्यावर पेन ड्राइव्ह सुरू केला. पहिली थाप पडली तशी ते खिडकीबाहेर बघत होते ते समोर बघायला लागले. डावा हात मांडीवर होता, त्याची बोटं नकळत उघडली.

“आवाज दोन घरं कमी कर,” ते म्हणाले. केला. “हं. आता बरोबर.”

दोन अभंग झाले. ते काही बोलले नाहीत. तिसरा सुरू झाला आणि मिनिटभरात त्यांनी मान हलवली, नापसंतीने. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं काहीतरी खरखरतंय, मला ऐकू न येणारं.

“कणीक सुकली होती त्या दिवशी,” आबा म्हणाले. “थंडीत पाण्याचा हात लावायला पाहिजे होता मध्ये. बघ, डावा चढलाय. पहिल्याला असा नव्हता.”

हेडफोनवर मी ही फाईल शंभरदा तरी ऐकली असेल. मला कधी कळलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, पहिला अभंग लावला, मग तिसरा.

चढला होता.